फुटलेल्या बरणीचं काय करू? बागेतल्या मोझॅकबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या महिन्यात या पानावर माझ्या अंगणातल्या कासवाचा फोटो छापला होता, उपड्या कुंडीवर फुटक्या कपबशांच्या कपच्या लावून केलेलं, आणि तेव्हापासून मेसेज काही थांबेनात. कपाट आवरताना सापडलेल्या कान तुटलेल्या कपांचे फोटो, बाथरूमचं काम झाल्यावर उरलेल्या टाइल्सचे फोटो, एका काकूंनी तर फुटलेल्या कमोडचा फोटो पाठवलाय (चालतो काकू, बिनधास्त वापरा, चिनी मातीच आहे ती, फक्त जाड असते म्हणून फोडताना जपून). सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, सारखे प्रश्न एकत्र करून घेतलेत.

प्रश्न (डोंबिवली): जुन्या प्लास्टिकच्या बादलीवर टाइलचे तुकडे व्हाइट सिमेंटने लावले, एकदम मस्त दिसत होतं. दोन महिन्यात बादली उचलली की तुकडे टपाटप पडायला लागले. सिमेंट खराब होतं का?

उत्तर: सिमेंट बिचारं बरोबर होतं ताई, बादली चुकली. सिमेंटला धरायला काहीतरी खरखरीत आणि पाणी पिणारं लागतं, प्लास्टिक गुळगुळीत, त्यात ते पाणी पीत नाही, वर उन्हात फुगतं आणि उचललं की वाकतं. सिमेंट मात्र वाकत नाही, मग ते सुटणारच ना. मला आलेल्या मेसेजमधले निम्म्याहून जास्त प्रश्न "वर काय लावू" याचे आहेत आणि खाली काय आहे ते कुणी सांगतच नाही, मलाच उलट विचारायला लागतं. खरं तर मोझॅक टिकतं की नाही ते खालच्या वस्तूवर ठरतं, वरची कपची दहा रुपयांची की आजीच्या टी-सेटची याने काही फरक पडत नाही.

चांगला पाया म्हणजे मातीची बिनरंगाची कुंडी, सिमेंटची कुंडी, वीट, दगड. घरात जुना पाटा किंवा जात्याची तळी पडून असेल तर त्याच्यासारखं काही नाही, टाकी लावलेला दगड असतो, कपची अशी धरतो की सोडतच नाही. प्लायवूड आणि फळी बाहेर नकोच, एका पावसात फुगते. लोखंडी कढई गंजून आतून फुगते आणि कपच्या ढकलून देते. ॲल्युमिनियमचं भांडं ओल्या सिमेंटला चालत नाही, सिमेंट अल्कलाइन असतं ते धातूला खातं, बारीक बुडबुडे येतात आणि पकड सुटते. बादलीचीच हौस असेल तर तिला नुसता साचा समजा, बाहेरून कोंबडी-जाळी गुंडाळा, जाळीवर एक भाग सिमेंट तीन भाग वाळू असा अर्धा इंच गिलावा करा आणि तो आठवडाभर पाणी मारून पक्का झाला की त्याच्यावर कपच्या. उचलायला जड होईल, पण मग ती उचलायची नाहीच.

मातीच्या कुंडीबद्दल दोन गोष्टी, कारण इथेच सगळे फसतात. एक, कोरडी कुंडी लावायला घेतली की ती ॲडेसिव्हमधलं, म्हणजे कपच्या चिकटवायच्या मालातलं, पाणी शोषून घेते आणि ते नीट जमायच्या आत सुकतं, म्हणून आधी कुंडी पाण्यात बुडवून काढा, वरचं पाणी निथळलं की लगेच लावायला घ्या. दोन, झाड लावल्यावर कुंडी आतून ओली राहते, ते पाणी बाहेर यायला बघतं आणि येताना क्षार घेऊन येतं, भिंतीला लोणा लागतो ना तसाच कपचीच्या मागे लागतो आणि वर्ष दोन वर्षात पोपडे सुटतात. त्यामुळे लावायच्या आधीच आतून वॉटरप्रूफिंगचे दोन हात मारा किंवा सरळ आत प्लास्टिकची वेगळी कुंडी ठेवा, खालचं भोक मात्र मोकळं ठेवा.

आणि गम. माझी पहिली कुंडी मी सुतार वापरतात त्या पांढऱ्या गमने केली होती, घरात होता म्हणून. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गम परत दुधासारखा झाला आणि माशाचे खवले काढावेत तशा कपच्या हाताने निघाल्या. बाहेरच्या कामाला टाइल ॲडेसिव्ह घ्या, हार्डवेअरच्या दुकानात पावडर मिळते, पाणी घालून घट्ट श्रीखंडासारखं कालवायचं, उलटं केलं तरी थापीवरून पडता कामा नये. एका वेळी तळहाताएवढ्याच भागावर पसरा, फार पसरलं तर वरून साय धरते आणि मग कपची नुसती टेकते, चिकटत नाही.

प्रश्न (सातारा): आजेसासूबाईंची लोणच्याची चिनी मातीची बरणी मांजराने पाडली. पांढरी-तपकिरी, साधारण पाच किलोची. झाकण शाबूत आहे. टाकवत नाही. याचं काही होईल का? मी आधी कधी काही केलेलं नाही.

उत्तर: होईल, आणि पहिलंच काम असेल तरी करा, पण बरणीने सुरुवात करू नका. आधी बाजारातून आणलेल्या एका साध्या टाइलवर हात साफ करा, दोन रविवार जाऊ देत, बरणी कुठे पळून जात नाही.

बरणीची माती जाड आणि कडक असते आणि सगळे तुकडे गोलाई असलेले. मोठा तुकडा सपाट जागी लावला तर तो पाळण्यासारखा डुलतो. म्हणून दोन तीन सेंटिमीटरचे तुकडे करायचे, तुकडा जेवढा लहान तेवढी गोलाई कमी जाणवते. जुन्या गोणपाटात गुंडाळा, पोकळ बाजू खाली ठेवा आणि हातोडीने मधोमध टिचकी मारल्यासारखं मारा, घाव घालू नका. नंतर आकार द्यायला टाइल कापायची पकड येते, निपर म्हणून मागा, तिने कडेने कुरतडत जायचं. डोळ्याला गॉगल पाहिजेच, उन्हाचा नाही, कामाचा. कपच्या ओल्या करून कापा, ती पांढरी धूळ छातीत जायला नको, मास्क लावा. आणि तुम्ही कितीही हुशार असलात तरी बोट कापणारच, आधीच बँडेड आणून ठेवा.

पण सगळी बरणी फोडू नका हो. तिचं तोंड, म्हणजे ती गोल काठ असलेली कडा, जेवढी अखंड असेल तेवढी तशीच ठेवा आणि कुंडीच्या काठावर किंवा वाफ्याच्या कडेला बसवा, बघणाऱ्याला लगेच कळतं की ही बरणी होती. झाकण मध्ये. तपकिरी आणि पांढरे तुकडे वेगळे काढून ठेवा, मिसळले की खिचडी होते. किती लागतं त्याचा अंदाज सांगते. एक फूट व्यासाची, एक फूट उंचीची कुंडी बाहेरून साधारण तीन चौरस फूट भरते, त्याला जेवणाच्या सहा सात प्लेटा लागतात आणि दोन किलोच्या आसपास ॲडेसिव्ह. तुमच्या बरणीत अख्खी कुंडी होणार नाही बहुतेक, उरलेली साध्या पांढऱ्या टाइलने भरा, बरणी उलट उठून दिसेल.

प्रश्न (कोल्हापूर): अंगणातल्या तुळशी वृंदावनाला बांगड्यांच्या तुकड्यांनी सजवायचं मनात आहे, माझ्याकडे डबाभर आहेत. सासूबाई म्हणतात फुटकी काच तुळशीला लावायची नाही. काय करू?

उत्तर: घरातल्या भांडणात मी पडत नाही! पण एक सांगते, आपल्याकडे बांगडी फुटली असं म्हणतच नाहीत, बांगडी वाढली म्हणतात. आणि लहानपणी आपण काचापाणी खेळायला याच काचा रंगांप्रमाणे वेगळ्या करून जपून ठेवायचो, तेव्हा कुणी त्या टाकून द्या म्हणालं नाही. चंदीगडच्या रॉक गार्डनमध्ये बांगड्यांच्या तुकड्यांनी मढवलेल्या बायका रांगेने उभ्या आहेत. ते करणारे नेकचंद सरकारी खात्यात रोड इन्स्पेक्टर होते, १९५७ पासून नोकरी सांभाळून जंगलातल्या सरकारी जागेत गुपचूप करत राहिले, फुटक्या कपबशा, बांगड्या, इलेक्ट्रिकचं भंगार असलं सगळं सायकलवरून आणून, आणि १९७६ मध्ये ती बाग लोकांसाठी उघडली. पुढे त्यांना पद्मश्री मिळाली. हे सासूबाईंना सांगून बघा.

तरी ऐकलं नाही तर मधला मार्ग, वृंदावनाला हात न लावता त्याच्या खालचा ओटा करा. खरं तर मला तसंही तेच आवडेल कारण वृंदावनाच्या देवळीत दिवा लागतो, तेल आणि काजळी ग्राउटमध्ये, म्हणजे कपच्यांमधले सांधे भरायच्या मालात, मुरते आणि मग कशाने निघत नाही. नाहीतर बाजारातून नव्या बांगड्या आणा आणि स्वतःच तुकडे करा, मग फुटक्या कुठे राहिल्या.

काचेच्या बांगड्याच घ्या. प्लास्टिकच्या उन्हाने पांढुरक्या पडतात, धातूच्या गंजतात. काच आरपार दिसणारी असेल तर खाली पांढरं ॲडेसिव्ह पाहिजे, राखाडी सिमेंटवर हिरवी बांगडी काळपट दिसते, माझी पूर्ण एक रांग अशी वाया गेलीय. तुकडे कमानीसारखे असतात त्याचा फायदा घ्या, पाकळ्या करा, लाटा करा, कोयऱ्या करा. टोकं टोचतात, ती वॉटर पेपर ओला करून घासायची, पूजेला वाकताना कुणाच्या हाताला, साडीला लागायला नको. आणि वेळेचं म्हणाल तर दसरा झाला की लगेच सुरू करा, दसऱ्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत जवळजवळ महिना मिळतो, पाऊस गेलेला असतो, ऊन अजून अंगावर येत नाही, सिमेंटलाही पूर्ण ताकद यायला साधारण २८ दिवस लागतात, सगळं जुळून येतं. गेरू मात्र ग्राउटच्या जवळ नेऊ नका.

प्रश्न (नाशिक): पक्ष्यांसाठी पाण्याचं भांडं करतोय, जुन्या आरशाचे तुकडे लावले तर चमकेल आणि पक्षी येतील ना?

उत्तर: नाही दादा. आरशात स्वतःला बघून काही पक्षी भांडायला उठतात आणि बाकीचे घाबरतात, शिवाय आरशाच्या मागचा मुलामा ओल्या सिमेंटने आणि पाण्याने काळा पडतो, पहिल्या पावसाळ्यानंतर तो आरसा राहतच नाही.

पाया म्हणून कुंडीखाली ठेवतात ती मातीची मोठी बशी घ्या. मध्यभागी दोन इंचाच्या वर खोल नको, कडेला उतरतं करत आणा, चिमणीला उभं राहून अंघोळ करायची असते, पोहायचं नसतं. कपच्या लहान आणि त्यांच्यामधले सांधे रुंद ठेवा म्हणजे पायाला पकड मिळते, सगळी गुळगुळीत काच लावली तर पक्षी घसरतात. झालं की लगेच पाणी ठेवून पक्ष्यांना बोलवू नका, नव्या सिमेंटचं पाणी अल्कलाइन आणि त्रासदायक असतं, आठ दहा दिवस रोज भरा आणि ओतून द्या. नंतरही पाणी एक दोन दिवसाआड बदलायचंच. डासाच्या अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ दहा दिवस लागतात, तेवढी संधी त्याला द्यायची नाही. आणि भांडं दाट झुडपाला चिकटून ठेवू नका, मांजर तिथेच दबा धरून बसतं.

प्रश्न (पुणे): जुन्या सीडी खूप आहेत, कापून लावल्या तर?

उत्तर: नका लावू. वरचा चमकता थर उन्हापावसात सुटतो आणि बागेत चमकीचा कचरा होतो.

प्रश्न (रत्नागिरी): चिऱ्याच्या (जांभा दगडाच्या) गडग्यावर, म्हणजे कुंपणाच्या भिंतीवर, शिंपल्या आणि कालवांची कवचं लावायची आहेत. आमच्याकडे शेवाळ खूप धरतं.

उत्तर: तुमच्याकडे शेवाळ धरणारच, त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही, ते दिसणार नाही असं करा. म्हणजे पांढरं ग्राउट अजिबात नको, गडद राखाडी घ्या. एरवीही मी सगळ्यांना हेच सांगते, पांढऱ्या ग्राउटमध्ये रंग फिके होतात आणि गडद ग्राउटमध्ये तेच रंग पेटतात, एकदा दोन्ही करून बघा.

चिरा पाणी पितो आणि भोकाभोकांचा असतो, त्यावर थेट लावलं तर शिंपली पोकळीवर बसते. आधी पातळ गिलावा करून घ्या, तो खरखरीत ठेवा, घोटू नका. कवचं गोड्या पाण्यात चार पाच दिवस भिजवा, रोज पाणी बदला, मीठ राहिलं तर तेच पुढे लोणा बनून बाहेर येतं. वासही जातो, घरच्यांच्या तक्रारी कमी होतात. लावताना शिंपलीची वाटी आतून ॲडेसिव्हने भरून मग दाबायची, पोकळ राहिली तर पोराने हात टेकला की कचकन मोडते. किनाऱ्यावरून रिकामीच वेचा, जिवंत नको, किंवा मासळी खाणाऱ्या शेजाऱ्यांना सांगून ठेवा, तिसऱ्यांची (खायच्या शिंपल्यांची) कवचं महिनाभरात पोतंभर जमतील.

शेवाळ काढायला ॲसिड ओतू नका. शेवाळ जातं पण ग्राउटही त्याच्याबरोबर जातं. जुना ब्रश, साबण, आणि पावसाळ्यानंतर एक सकाळ.

प्रश्न (टोरांटो): भारतातून आणलेल्या कपबशा फुटल्या, त्याची बागेत पायवाटेची फरशी केली होती. एका हिवाळ्यात वरचा चकाकता थर उडाला. इथे हे होतच नाही का?

उत्तर: होतं, पण वेगळ्या कपच्या लागतात. साध्या मातीच्या, हलक्या कपबशीत फुटल्या बाजूने पाणी शिरतं, गोठलं की पाण्याचं आकारमान साधारण नऊ टक्के वाढतं आणि ते वरचा थर आतून उडवतं. तुम्हाला पोर्सेलिनच्या टाइल्स पाहिजेत, ज्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त पाणी पीत नाहीत, दुकानात विचारलं की सांगतात. घरी ओळखायचं तर फुटलेली बाजू ओली करून बघा, पाणी लगेच जिरलं तर ती बाहेर नको. आईने दिलेल्या कपबशा असतील तर त्यांचं काहीतरी उचलता येण्यासारखं करा, छोटी कुंडी किंवा कासव, आणि ऑक्टोबरमध्ये गॅरेजमध्ये न्या.

प्रश्न (पुणे): सोसायटीच्या बागेत कट्ट्यावर मोझॅक करायचा प्रस्ताव ठेवला तर चेअरमन म्हणाले हे परदेशी फॅड आहे आणि खर्चिक आहे.

उत्तर: त्यांना गच्चीवर घेऊन जा! जुनी सोसायटी असेल तर गच्चीवर पांढऱ्या तुकड्यांचा चायना मोझॅक बऱ्याचदा असतो, फुटक्या चिनी मातीचा आणि टाइलचा, गळती थांबावी आणि ऊन परतावं म्हणून. अहमदाबादला आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींनी स्वतःच्या ऑफिसच्या, संगाथच्या, गोल छपरांवर हाच चायना मोझॅक लावलाय, दोशी मूळचे तुमच्या पुण्याचेच. स्पेनमधल्या बार्सिलोनाचा, आर्किटेक्ट गौडीचा नागमोडी कट्टा सगळ्यांच्या प्रवासाच्या फोटोत असतो, तोही फुटक्या टाइल्सचाच, पण आपल्या गवंड्यांना हे काम शिकायला तिकडे जायला लागत नाही.

खर्च कपच्यांचा नसतोच. टाइलच्या दुकानात बंद झालेल्या डिझाइनची सॅम्पल्स पडून असतात, गोड बोललं की देतात. कुणाच्या फ्लॅटचं काम चाललं असेल तर डेब्रिज उचलायच्या आदल्या दिवशी जा. पैसे ॲडेसिव्ह आणि ग्राउटला लागतात, तिथे वाचवू नका. आणि कट्टा बसायचा आहे हे विसरू नका, एकही धार वर आलेली चालणार नाही, ग्राउट भरल्यावर डोळे मिटून सगळीकडे हात फिरवा. ग्राउट भरण्याला गवंडी दर्जा भरणं म्हणतात. भरलं की वीस पंचवीस मिनिटांनी जेमतेम ओल्या स्पंजने पुसायचं. आधी पुसलं तर सांध्यातलं निघून येतं आणि चहा प्यायला गेलात तर दुसऱ्या दिवशी खरवडत बसा. मी एकदा चहाला गेले होते.

प्रश्न (नागपूर): मे महिन्यात नातवंडं येतात, त्यांच्याबरोबर बागेतल्या पायवाटेच्या फरश्या करायच्या आहेत. वयं सहा आणि नऊ.

उत्तर: मे मध्ये आणि नागपुरात! बरं, करा, पण सकाळी आठच्या आत आणि सावलीत.

तोडायचं काम आदल्या दिवशी तुम्ही एकट्याने करून ठेवा, धारा घासून ठेवा, मुलांच्या हातात काच नकोच, टाइलच्या कपच्या आणि गुळगुळीत गोटे द्या. जुना केकचा टिन किंवा मिठाईचा पसरट प्लास्टिकचा डबा साचा म्हणून घ्या, आतून तेलाचा हात. तळाला चिकट शीट, चिकट बाजू वर करून, त्यावर मुलांना कपच्या पालथ्या मांडू द्या, म्हणजे रंगीत बाजू खाली. हे त्यांना पटत नाही, सहा वर्षांचं तर नक्की उलटं लावणार, लक्ष ठेवा. नाव लिहायचं असेल तर आरशात दिसतं तसं उलटं मांडायला लागतं, नऊ वर्षांच्याला हे कोडं म्हणून द्या, तासभर निवांत. मग एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू, तीन भाग बारीक खडी असा माल दोन इंच ओता, निम्मा ओतल्यावर मध्ये जाळीचा तुकडा घाला, म्हणजे पाय पडला तरी फरशी दुभंगत नाही. डबा हलकेच आपटून बुडबुडे काढा. माल कालवताना मुलांना रबरी हातमोजे घाला, ओलं सिमेंट कातडीला भाजतं, लगेच कळतही नाही. कपच्यांमध्ये अंतर ठेवायला सांगा, नुसती चकचकीत फरशी पावसात घसरते, सांध्यांमुळेच पाय धरतो.

वर ओलं गोणपाट टाका आणि दिवसातून तीन चार वेळा पाणी मारायची ड्युटी मुलांना लावा, नागपूरच्या उन्हात सिमेंट वाळून जातं पण पक्कं होत नाही, आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. दोन दिवसांनी डबा उलटा करायचा, शीट ओढून काढायची, सांधे कुठे अर्धे राहिले असतील तिथे ग्राउट भरायचं, मग अजून आठवडाभर पाणी. दोन दिवसांच्या आत उघडून बघायचं नाही हे मुलांना आधीच सांगून ठेवा, आणि आजोबांनाही.